“पोरगं शाळेला जात नाही म्हणतंय”: कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

जून उजाडला की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला लागतात आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा त्यांना भर येतो. विचारणारे करवीर, राधानगरी, शिरोळ, इचलकरंजीकडचे आईबाप असतात, कधी आज्जी, कधी मामा, क्वचित पोरं स्वतः. मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि बालरक्षक म्हणून गळालेल्या मुलांच्या दारात जातो. तेच उत्तर पन्नासदा व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करण्यापेक्षा इथं एकदाच लिहून ठेवलंय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं क्रमांक दिलाय.

१. शाळाबाह्य म्हणजे नेमकं कोण? आमच्या पोराचं नाव तर पटावर आहे.

नाव पटावर असूनही मूल शाळाबाह्य असू शकतं. ६ ते १४ वयाचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल, किंवा नाव घालूनही न कळवता सलग महिनाभर गैरहजर असेल, तर सरकारच्या लेखी ते शाळाबाह्य.

महिना ही झाली कागदावरची मोजदाद. आमच्या नववीचा एक जुना हजेरीपट मी मुद्दाम जपून ठेवलाय. त्यातल्या एका ओळीत जून पूर्ण हजर. जुलैत भाताच्या रोप लावणीला चार दिवस दांडी, तीही चिठ्ठी देऊन. ऑगस्टात आठवड्याला एक दिवस. गणपतीनंतर आठवड्याला दोन. दिवाळीच्या सुट्टीनंतर ओळ कोरी. कागदावर त्या पोरानं नोव्हेंबरात शाळा सोडली. खरं तर ती ऑगस्टातच सुटत होती आणि वर्गशिक्षक मीच होतो. तेव्हापासून तिसऱ्या दिवशी घरी फोन जातो.

२. जायचं नाही म्हणून बसलाय. मारून पाठवू, का राहू दे?

दोन्ही नको. “का जात नाहीस?” असंही विचारू नका, त्याला उत्तर येतं “असंच”. “कुठला तास नको वाटतो?” असं विचारा.

आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर गायब व्हायचा. बाप म्हणाला, मोबाइलचा नाद. पोरगं मात्र आठवड्याभरानं बोललं. मराठीच्या तासाला धडा ओळीनं वाचायला लावतात, आणि याला वाचता येत नव्हतं. मग तो बाकं मोजायचा. पुढं सहा जण, म्हणजे आपल्या वाट्याला सातवा परिच्छेद. तेवढा तो शेजाऱ्याकडून आधी ऐकून पाठ करायचा. आठवी आली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस पुढचं एक पोरगं आजारी पडलं, हिशेब चुकला, सहावा परिच्छेद समोर आला आणि वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून दांडी सुरू.

मग शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास चौथीचं पुस्तक. मित्रांना दिसू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. चार महिन्यांनी कव्हर त्यानंच काढलं.

कारण बहुतेक वेळा असंच बारकं असतं: चष्मा, एक विषय, एक चिडवणारा, पाळीच्या दिवसांत पाण्याविना पडलेलं स्वच्छतागृह. मारानं त्यातलं काहीच हलत नाही. मारणारे शिक्षकच असतील तर प्रश्न १६ बघा.

३. शाळा किती वयापर्यंत सक्तीची आहे? नाही पाठवलं तर दंड होतो का?

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वर्षं, म्हणजे पहिली ते आठवी, शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. पण ही सक्ती आधी सरकारवर आहे: शाळा जवळ द्यायची, मूल दाखल करून घ्यायचं, टिकवायचं. मुलाला पाठवणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण त्यासाठी दंड ठेवलेला नाही. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंत जातो.

दंड आपल्याकडं होता, पण त्याला शंभर वर्षं उलटली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड होता. त्या काळातला रुपया!

४. सातवीपर्यंत नीट जायचा. नववीतच सगळी पोरं का गळतात?

कारण तिथं तीन उंबरठे एकाच जागी आलेत. गावातली मराठी शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात असतं. ओळखीचे गुरुजी सुटतात, एसटी सुरू होते, खर्च सुरू होतो. दुसरं, मोफतचा कायदा आठवीला थांबतो. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण हे सगळं आठवीपर्यंतच. तिसरं म्हणजे चौदावं-पंधरावं वय. पोरगा उसाची मोळी उचलू शकतो आणि पोरगी घर सांभाळू शकते, हे घराला एकदम कळतं.

चौथं कारण आम्हा शाळावाल्यांचं. दहावीचा “निकाल १०० टक्के” असा फ्लेक्स चौकात लावायचा असतो. त्यासाठी कच्ची पोरं नववीतच चाळली जातात, कधी नापास करून, कधी प्रश्न १५ मधल्या मार्गानं. हे लिहिल्याबद्दल माझ्या बिरादरीतले काही जण रागावतील. रागावू देत.

मूल आठवीत असताना एक काम जरूर करा: एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतला विद्यार्थी आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत किमान ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातीला ५०), एवढं असलं की परीक्षेला बसता येतं. पात्र ठरला की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे गळतीच्या नेमक्या वर्षांत हातात पैसे.

५. जन्मदाखला नाही, टीसी नाही. जुनी शाळा म्हणते आधी राहिलेली फी भरा.

पहिली ते आठवीसाठी उत्तर सरळ आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद, तीही नसेल तर पालकाचं वयाबद्दलचं स्वयंघोषणापत्र चालतं. टीसी यायला उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, आणि तो लगेच देणं जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. नववी-दहावीलाही टीसीविना प्रवेश अडवू नये असा आदेश राज्य शासनानं २०२१ मध्ये काढला. फीचं भांडण शाळा आणि पालकांत. त्यात पोराचं वर्ष ओलीस धरायचं नाही.

इंग्लिश मीडियम झेपेना म्हणून मराठी शाळेत यायचं असेल तर लाजेपायी वर्ष घालवू नका. विज्ञान-गणितातले मराठी शब्द अंगवळणी पडायला एक सत्र जातं, एवढंच.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येक घरांतले दाखले पाण्यात गेले. शाळेच्या जनरल रजिस्टरात नोंद असते, तिथून दाखल्याची दुसरी प्रत मिळते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेल्या कामाचं काय होतं ते मी एका कार्यालयात तीन हेलपाटे घालून शिकलोय. तिथं दर वेळी “साहेब मीटिंगला गेलेत” असायचे आणि आतून चहाचे कप बाहेर यायचे.

६. मधली तीन वर्षं गेली. आता पोरगी ११ वर्षांची आहे. बारक्या पोरांत दुसरीत बसवणार का?

नाही. वयाप्रमाणं वर्ग, असं कायदाच सांगतो. म्हणजे ती पाचवीत बसेल. मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे शाळेचं काम. आठवी पूर्ण व्हायच्या आत १४ वर्षं संपली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफतच राहतं.

खरी अडचण वर्ग मिळण्यात नसते, पहिल्या पंधरा दिवसांत असते. तिला पाचवीतल्या गोष्टी कळत नाहीत आणि विचारायची लाज वाटते. शेजारच्या आळीतली एखादी मैत्रीण त्याच वर्गात असेल तर बाईंना सांगून दोघींना एका बाकावर बसवा.

७. पाचवीला, आठवीला आता नापास करतात म्हणे. मग शाळेतून काढणार का?

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पास झाला नाही तर पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

८. मालक वारले. थोरल्याला फौंड्रीत लावलं तर घर चालंल. आठवीत आहे. काय करू सर?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक ताईला मी आधी एवढंच सांगतो की पगाराआधी कागद बघू.

कायद्यानं १४ च्या आतल्या मुलाला कुठंच कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाला धोक्याच्या उद्योगांत बंदी आहे, आणि फौंड्री त्यातच मोडते. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या रीतसर कारखान्यात त्याला घेणारच नाहीत. घेणारा कुठलातरी लपूनछपून घेईल, आणि हातावर वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सांडलं तर “तो आमच्याकडं नव्हताच” म्हणेल. मूल ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

आता कागद. बालसंगोपन योजनेत, आई किंवा वडील गेलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. एका घरात दोन मुलं असतील तर दोघांना. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडं, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक एवढं जमवा. आईसाठी संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये, ते तहसील कार्यालयातून. एनएमएमएसचं प्रश्न ४ मध्ये सांगितलंय.

हे सगळं सुरू व्हायला काही महिने लागतात आणि भूक थांबत नाही, हे मला कळतं. मधल्या काळासाठी मी शाळेत उघड बोलतो. माजी विद्यार्थी, गल्लीतलं मंडळ, सेवा सोसायटी, कुणीतरी तीन महिन्यांचं रेशन उचलतंच. कोल्हापुरात मागितलं तर मिळतं. मागायला आईला पाठवू नये, शाळेनं जावं.

९. घरचाच चपलांचा धंदा आहे. शाळा करून हात लावला तर काय बिघडलं?

शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला कायद्याची आडकाठी नाही, काम धोक्याचं नसेल आणि अभ्यास बुडत नसेल तर. चपलेची वेणी घालायला शिकणं हेही शिकणंच आहे, त्याला मी नाक मुरडत नाही. पण कातडं रंगवायची रसायनं, किंवा हुपरीकडच्या चांदीकामात लागणारं ॲसिड आणि आटणीची भट्टी, यांपासून लांब ठेवा.

मोजमाप सोपं आहे. ऑर्डर आली म्हणून शाळा बुडाली, तर ती मदत राहिली नाही, मजुरी झाली. १४ च्या पुढचा मुलगा बाहेर कुठं बिनधोक काम करत असेल तरी दिवसाला विश्रांती धरून सहा तासांच्या वर नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ बिलकुल नाही.

“कमवा आणि शिका” म्हणाल तर ती वाट दाखवणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच कुंभोजला जन्मले. त्यांच्या योजनेत काम शिकण्यासाठी होतं, शिकणं कामाच्या उरल्या वेळात नव्हतं.

१०. आमच्या धनगरवाड्यावरनं हायस्कूल दोन तास चालत. वाटेला गवं असत्यात.

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगडकडच्या वाड्यांचा हा खरा प्रश्न. नियमानं प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत हवी. नसेल तर आठवीपर्यंतच्या मुलांना शासनाच्या समग्र शिक्षा योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो. त्याची यादी शाळा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवते. आपलं नाव यादीत गेलं का, एवढं जूनमध्येच विचारा.

एसटी असेल तर पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे आणि मुलांना भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरावा लागतो. शाळा सुटल्यावर दीड तासानं गाडी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून आगार व्यवस्थापकांना द्या. एकट्या पालकाच्या अर्जाला जे जमत नाही ते ठरावाला जमतं. समितीत ७५ टक्के पालकच असतात, पण हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

गाडीच नसेल तर वसतिगृह. कोल्हापूरला वसतिगृहांचं गाव उगाच म्हणत नाहीत. १९०१ पासून शाहू महाराजांनी एकेका समाजाचं बोर्डिंग उभं केलं, ती परंपरा अजून चालू आहे. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहंही आहेत. अर्ज जून-जुलैत भरतात. ऑगस्टात फोन करून “सर, जागा बघा की” म्हणालात तर माझा नाइलाज असतो.

११. आम्ही बीडकडनं ऊसतोडीला आलोय. पोरांची शाळा सहा महिने बुडते.

निघताना गावाकडच्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की इथली शाळा टीसीशिवाय मूल बसवून घेते, आणि परत जाताना इथली हजेरी, मूल्यमापन त्या कार्डावरून तिकडच्या शाळेत धरतात. कार्ड विसरलं असेल तरी इथल्या शाळेत जा. ६ ते १४ च्या मुलाला दार बंद करता येत नाही.

मागं शिरोळकडच्या एका तळावर गेलो होतो. दहाएक वर्षांची मुलगी कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दारात बसलेली, मांडीवर धाकटा भाऊ, आणि समोर सारवलेल्या जमिनीवर काडीनं तेराचा पाढा लिहिलेला. आईबाप पहाटे चारला फडात गेलेले. तिला शाळा नको नव्हती, भावाला सांभाळायला कुणी हवं होतं. आम्ही अंगणवाडी सेविकांना भेटून भावाला तिथं बसवलं आणि मगच ती शेजारच्या शाळेत आली. तळावरची शाळा बुडते ती बहुतेक अशी, पाठीवरच्या भावंडापायी. गावातच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी दसऱ्याच्या आत करा.

१२. दहावी होऊ दे, मग बघू म्हणत होतो. पण स्थळ चांगलं आलंय. पोरगी १६ ची आहे.

मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण होण्याआधी लग्न हा गुन्हा आहे. लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला, होऊ देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात भटजी, हॉलवाले, वाजंत्रीवालेही सापडतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

पण कायदा सांगून घर ऐकत नाही. मी आईशेजारी बसून विचारतो, “वहिनी, घाई कशाची?” स्थळाचं कौतुक दहा मिनिटांत संपतं आणि खरं बाहेर येतं: “जादा तास सुटंस्तवर अंधार पडतोय. पोरगी माघारी येईपर्यंत जीव टांगणीला.” बऱ्याचदा लग्न हा शाळेच्या वाटेवरचा उपाय म्हणून निघालेला असतो. एका गावात आम्ही जादा तास संध्याकाळचा काढून सकाळी घेतला आणि पाच मुलींनी एकत्र यायचं ठरवलं. दोन घरांतली बोलणी तेवढ्यानं थांबली.

खर्चाची धास्ती असेल तर मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत आहे. तारीख ठरलीच असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. नाव सांगावं लागत नाही.

१३. लग्न होऊन गेलंय, बाळ आहे. तिला दहावी देता येईल का?

येईल. लग्न झालं किंवा बाळ झालं म्हणून शिक्षणाचा हक्क जात नाही. शाळेत येणं जमत नसेल तर प्रश्न १५ मधला १७ नंबरचा फॉर्म किंवा प्रश्न १४ मधली मुक्त शाळा. अशा वेळी हे मार्ग खरंच कामाला येतात. लग्न अल्पवयात झालं असेल तर ते रद्द करून मागायचा हक्क तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत आहे.

१४. दहावीत नापास झाला. आता पुढं काय?

एक किंवा दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. जास्त गेले असतील तर त्याच उन्हाळ्यानंतर पुरवणी परीक्षा आहे. फॉर्म शाळेतूनच भरतात आणि मुदत निकालानंतर लगेच संपते. निकालाच्या दिवशी घरात रडारड चालू असताना ती निसटते, म्हणून मी त्याच संध्याकाळी नापास मुलांच्या घरी जातो. पेढे वाटणाऱ्यांकडं दुसऱ्या दिवशी गेलं तरी चालतं.

हाताचं काम आवडत असेल तर आयटीआय. वेल्डर, वायरमन, प्लंबर असे काही ट्रेड दहावी नापासांनाही मिळतात. कळंब्याच्या शासकीय आयटीआयमधून निघालेल्या वेल्डरला आपल्या एमआयडीसीत काम शोधावं लागत नाही. हाच मुलगा नववीत फौंड्रीत गेला असता तर आयुष्यभर हेल्पर राहिला असता.

शाळेचं वातावरणच नको झालं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय. १४ वर्षं पूर्ण असली की दहावीला बसता येतं, एकेक विषय करत पाच वर्षांत पूर्ण करता येतं, मराठी माध्यम आहे आणि प्रमाणपत्र नोकरीला, पुढच्या शिक्षणाला चालतं.

१५. पोरगं कच्चं आहे म्हणून शाळा सांगते, नाव काढा आणि १७ नंबरचा फॉर्म भरा. भरू का?

थांबा. १७ नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाला बसणं. शाळा सुटलेल्यांसाठी, नोकरी करणाऱ्यांसाठी, सासरी गेलेल्यांसाठी ही उत्तम सोय आहे. पण रोज शाळेत येणाऱ्या मुलाला तो भरायला लावण्याचं कारण बहुतेक वेळा प्रश्न ४ मधला फ्लेक्स असतो. तिकडं बसला की त्याचा निकाल शाळेच्या टक्क्यांत धरत नाहीत. मुलाचे मात्र रोजचे तास जातात, सराव परीक्षा जातात, मित्र जातात.

तोंडी सांगत असतील तर नम्रपणे म्हणा, “सर, हे लेखी द्या.” बहुतेक वेळा विषय तिथंच मिटतो. नाही मिटला तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेल्याचं कारण सांगितलं आणि मूल खरोखर आजारी होतं, तर वैद्यकीय कागद लावून मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडं सूट मागता येते.

१६. वर्गात मारतात, जातीवरून बोलतात. तक्रार केली तर पोरालाच त्रास होईल ना?

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांना लेखी, मग व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी. जातीवरून बोलणं किंवा वाईट हेतूनं अंगाला हात लावणं असेल तर ही शिडी चढत बसू नका, सरळ पोलीस किंवा १०९८. भीती खरी आहे, म्हणून एकट्यानं जाऊ नका. त्याच वर्गातले आणखी दोन पालक सोबत घ्या.

१७. हुशार आहे पण लिहायला गेलं की अक्षरं उलटीपालटी. आळशी म्हणायचं का?

नाही. अध्ययन अक्षमता असू शकते. शासकीय रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवीतच तपासून घ्या.

१८. तालमीत घातलाय, पैलवान करायचाय. दुसऱ्याला भरतीला पाठवायचाय. शाळेचं एवढं कशाला?

हा प्रश्न फक्त कोल्हापुरातच येत असावा! खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, तेव्हा त्यांचं कॉलेजशिक्षण याच शहरात राजाराम कॉलेजात झालेलं होतं. पुढं पोलीस खात्यात नोकरी लागली. गुडघा गेला की लाल मातीत उभं राहता येत नाही, तेव्हा घर चालवायला दाखलाच लागतो. ठरावीक स्तरावर खेळलेल्यांना बोर्डात सवलतीचे गुणही मिळतात. स्पर्धेची प्रमाणपत्रं वेळेत शाळेत द्या.

भरतीचं तर हिशेबाचं आहे. अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. पोलीस भरतीला बारावी. दरवर्षी पहाटे चारला रस्त्यावर पळणारी पोरं बघतो, त्यातली काही दहावी सोडून “भरतीची तयारी” करत असतात. १६०० मीटर मारून झाल्यावर कागदाच्या टेबलावर माघारी फिरतात.

१९. शेजारचं पोरगं चहाच्या गाड्यावर असतं. आम्ही कुणाला सांगायचं?

जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना. शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडं. काम करून घेतलं जात असेल तर १०९८. पण त्याआधी एकदा त्याच्या आईशी बोला. बऱ्याच वेळा प्रश्न ८ मधला एखादा कागदच अडलेला निघतो.

२०. सर मी १६ चा आहे. नववीत सोडली. आईला न सांगता मेसेज करतोय. परत घेतील का?

घेतील. नववीत वर्गात बसायचंय, का १७ नंबर, का आयटीआय, ते १४ आणि १५ वाचून ठरवू, पण ते मेसेजवर नको. शाळेत ये. सध्या कामावर जात असशील तर रविवारी ये, मी जादा तासाला असतो. गणवेश लागत नाही. जुनं प्रगतिपुस्तक असेल तर आण. हरवलं असेल तरी जनरल रजिस्टरात तुझा नंबर आहे, तो मी काढून ठेवतो.